हात मातीत : कुंपण आधी, मेथी नंतर

दोस्तांनो, या वेळी टपालात सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पत्र लहान आहे, पण त्यातला राग मोठा आहे. तिनं घरामागच्या मोकळ्या जागेत मेथी पेरली होती. रोज पाणी घातलं, गवत उपटलं. मेथी वीतभर झाली आणि दुसऱ्या दिवशी खुडायची असं ठरलं, त्याच दुपारी शेजारच्या आजींची शेळी आली आणि सगळा वाफा साफ करून गेली. आता आमची मैत्रीण शेजारच्या आजींशी बोलत नाही. तिचा दादा म्हणतो, "तार लावू आणि तारेत करंट सोडू, म्हणजे पुन्हा फिरकणार नाही!" मैत्रिणीनं विचारलंय, "दादाचं ऐकू का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो : मुळीच ऐकू नकोस. का ते पुढे सांगतोच. पण या पत्रामुळे आपला या आठवड्याचा विषय ठरला. परसबाग करायची म्हटलं की सगळे आधी बियांच्या पाकिटाकडे धावतात. कुंपणाची आठवण होते ती शेळी येऊन गेल्यावर. आपल्या भाषेत यासाठी एक झकास म्हण आहे : 'बैल गेला नि झोपा केला'. हा झोपा म्हणजे झोपणं नव्हे बरं का! झोपा म्हणजे गोठ्याला किंवा कुंपणाला लावायचं काटक्या-बांबूंचं झापडासारखं दार. बैल निघून गेल्यावर दार करायला बसलेल्या माणसाची ही म्हण. तेव्हा आपण झोपा आधी करू, मेथी नंतर पेरू.

पाहुणे कोण कोण?

कुंपण घालण्यापूर्वी एक काम करा. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आपल्या जागेवर लक्ष ठेवा आणि वहीत लिहा : इथे कोण कोण येतं? कारण प्रत्येक पाहुण्याची येण्याची वाट निराळी असते.

गाय-म्हैस सरळ ढकलून आत येते. तिच्यासाठी कुंपण मजबूत हवं. कोंबडी खालच्या फटीतून शिरते आणि नखांनी नुकतं पेरलेलं बी उकरते. कुंपण बुटकं असलं तर ती उडून वरूनही येते. शेळीचं तर विचारूच नका! ती मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि मान लांब करून पलीकडचा पाला ओढते. म्हणजे शेळी आत न येतासुद्धा तुमची भाजी खाऊ शकते. म्हणून शेळीची वर्दळ असेल तिथे कुंपणापासून दीड-दोन फूट आत लावणी करा. आणखी एक, कुंपणाच्या आडव्या काठ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या बाहेरच्या बाजूला बांधू नका, आतून बांधा. नाहीतर शेळीला आपणच जिना करून दिल्यासारखं होईल!

चिमण्या मेथीचे, धण्याचे दाणे टिपतात. त्यांना कुंपण थोडंच अडवणार? बी रुजेपर्यंत आठ-दहा दिवस वाफ्यावर वाळक्या काटक्या पसरा किंवा जुनी मच्छरदाणी ताणून बांधा. शहरात गॅलरीत कुंड्या असतील तर पारव्यांसाठीही हाच उपाय.

आणि वानरं? वानरांपुढे कुंपणाचं काही चालत नाही. ज्यांच्या गावात वानरं फार, त्यांनी जमिनीखाली वाढणाऱ्या पिकांवर भर द्यावा. हळद, आलं, सुरण लावावं. वर लटकणाऱ्या काकडीपेक्षा यांचं नुकसान पुष्कळ कमी होतं.

थोडं गणित : २८ फुटांचं कुंपण

आता वही-पेन्सिल घ्या. समजा तुमच्याकडे २८ फूट कुंपणाला पुरेल एवढं सामान आहे. घराची एक भिंत एका बाजूला वापरायची, म्हणजे त्या बाजूला कुंपण नको. उरलेल्या तीन बाजूच करायच्या.

भिंतीलगत १० फूट लांबी घेतली तर दोन्ही बाजूंना ९-९ फूट उरतात. १० गुणिले ९, बाग झाली ९० चौरस फुटांची. लांबी २० फूट घेतली तर बाजू ४-४ फुटांच्या, आणि बाग फक्त ८० चौरस फूट. आणि लांबी १४, बाजू ७-७ घेतल्या तर? ९८ चौरस फूट! कुंपण तेवढंच, पण बाग वेगवेगळी. भिंतीचा आधार असताना लांबी रुंदीच्या दुप्पट ठेवली की जागा सर्वांत जास्त मिळते. शाळेत परिमिती आणि क्षेत्रफळ कशाला शिकवतात, असं विचारणाऱ्यांना आता उत्तर मिळालं ना?

आता खांब. दर साडेतीन फुटांवर एक खांब रोवायचा. २८ भागिले साडेतीन म्हणजे ८. मग खांब आठच ना? थांबा! आठ ही मधल्या जागांची संख्या झाली. खांब लागतील नऊ, कारण सुरुवातीलाही एक आणि शेवटीही एक. आणि दारासाठी एक जास्तीचा. एकूण दहा.

कुंपण कशाचं करावं?

महाराष्ट्रात फिरलात तर कुंपणांचे कितीतरी प्रकार दिसतील. कोकणात जांभ्या दगडांचे, एकावर एक रचलेले गडगे दिसतात. आत जायला बेडं असतं. दोन खांबांना भोकं पाडून त्यांत आडवे वासे सरकवायचे, की गुरांना वाट बंद. देशावर बाभळीच्या आणि बोरीच्या काटेरी फांद्या रचून कुंपण करतात. काट्याकुट्यांच्या कुंपणाला कुठे वई म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात ते आजी-आजोबांना विचारा.

आपल्या २८ फुटांना बांबू उत्तम. साडेपाच-सहा फुटांचे तुकडे घ्या आणि दीड फूट जमिनीत पुरा. पुरायच्या टोकाला मोठ्या माणसांकडून डांबर लावून घ्या, म्हणजे वाळवी लवकर लागणार नाही. मग बांबू चिरून केलेल्या कांबी किंवा सरळ काटक्या काथ्यानं घट्ट बांधा. खालच्या वीतभर भागात काटक्या अगदी जवळजवळ हव्यात, कोंबडीचं पिल्लूही शिरता कामा नये. काटेरी फांद्या वापरणार असाल तर पायांत चपला हव्यातच. आणि कोयता हा मोठ्यांनीच चालवायचा. आई-बाबा, हे वाक्य तुमच्यासाठी!

वाळकं कुंपण एक-दोन पावसाळे टिकतं. मग ते मोडायला लागतं. यावर जुन्या लोकांची युक्ती म्हणजे जिवंत कुंपण. आज वाळकं कुंपण करायचं आणि त्याच्या कडेनं झाडं लावून ठेवायची. वाळकं मोडेपर्यंत जिवंत तयार होतं. पावसाच्या सुरुवातीला गिरिपुष्पाच्या (याला काही जण उंदीरमारी म्हणतात) हाताएवढ्या जाड फांद्या रोवल्या की त्यांना पालवी फुटते. पुढे त्यांचा पाला बागेत टाकला तर चांगलं हिरवळीचं खत होतं. अडुळसा आणि निर्गुडी यांना जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि दोन्ही घरगुती औषधांच्या कामीही येतात. जागा जास्त असेल तर करवंदाची जाळी लावा. काटे शेळीला, करवंदं तुम्हांला!

काटेरी कुंपणासाठी सागरगोटाही लावतात. मुली ज्या करड्या, गुळगुळीत सागरगोट्यांनी खेळतात ना, त्या या वेलीच्या बिया. पण घराजवळच्या छोट्या बागेत तो लावू नका. तो इतका पसरतो आणि त्याला इतके काटे असतात, की शेवटी तुम्हांलाच बागेत जाता येणार नाही. शेराचं कुंपणही गावोगाव दिसतं. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते, म्हणून मुलांनी त्याची फांदी कधीच मोडू नये. आणि घाणेरी तर मुद्दाम लावूच नका. ती मूळची अमेरिका खंडातली. इथे आली आणि रानच्या रान व्यापून बसली. तिचा पाला गुरांना विषारी असतो.

दादासाठी दोन शब्द

आता त्या करंटबद्दल. आपल्या घरातली वीज साधारण २३० व्होल्टची असते. तारेत ती सोडली की तार शेळी आणि माणूस असा भेद करत नाही. पावसात भिजलेली माती, अनवाणी पाय आणि चेंडू आणायला धावलेलं एखादं मूल, एवढं पुरतं. अशा कुंपणांनी माणसं मेली आहेत. कुंपणात अशी वीज सोडणं हा गुन्हा आहे. शेतावर दिसणारं सौरकुंपण ही वेगळी गोष्ट आहे. त्यात खास यंत्र असतं, ते अगदी क्षणभराचा, मोजका झटका देतं आणि थांबतं. घरच्या बटणातून ओढलेली तार तसं काही करत नाही. दादा, एका मेथीच्या जुडीसाठी जीव पणाला लावायचा का? विचार कर.

असाच धोका नायलॉनच्या जुन्या जाळ्यांचा. मासेमारीची फाटकी जाळी स्वस्तात मिळते म्हणून लोक कुंपणाला बांधतात. तिच्यात साप अडकतात आणि तडफडून मरतात. त्यांत धामण फार असते. धामण बिनविषारी, आणि उंदीर खाणारी. म्हणजे बागेची राखण करणारीलाच आपण मारतो! जाळी लावायचीच असेल तर जमिनीपासून वीतभर वर लावा आणि खालच्या भागात काटक्या बांधा. आत साप अडकलेला दिसला तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगून सर्पमित्रांना बोलवायचं.

आता पेरणी!

कुंपण झालं? शाबास! आता आतली जागा. दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळायला हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराची सावली उत्तरेला पडते. म्हणून हिवाळी भाजी घराच्या उत्तरेला लावली तर ती लांबुडकी आणि फिकी होते.

१४ बाय ७ च्या बागेत मधोमध एक फुटाची पाऊलवाट ठेवा. दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांचे वाफे होतील. वाटेजवळच्या अर्ध्या भागात पालेभाज्या पेरा, कारण तिथे हात पोचतो आणि रोज खुडता येतं. मागच्या अर्ध्या भागात भेंडी, वांगी, मिरची लावा. वाफ्यात पाय द्यायचा नाही. माती दबली की मुळांना हवा मिळत नाही.

काय, कधी लावायचं? जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग नक्षत्र लागतं. तेव्हा पाऊस पाहून काकडी, दोडका, दुधी, कारलं, तांबडा भोपळा, भेंडी, गवार लावा. दसरा-दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, वाल. बी आणायला दुकानातच जायला हवं असं नाही. आईच्या मसाल्याच्या डब्यात मेथीदाणे आणि धणे आहेतच! मेथी तीन-चार दिवसांत वर येते, आणि पंचवीस-तीस दिवसांत खुडायला मिळते. धणे मात्र पेरण्याआधी हलके रगडून दोन फाकी करायच्या. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते, तेव्हा रोज माती उकरून पाहू नका! भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावा.

गमतीची गोष्ट सांगू? आपण ज्यांना अगदी घरच्या भाज्या समजतो, त्यांतल्या मिरची, टोमॅटो, बटाटा आणि तांबडा भोपळा या मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर त्या इकडे आल्या. 'बटाटा' हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. वांगं मात्र आपल्याच भागातलं, फार जुनं.

वेलांवर लक्ष ठेवा. भोपळ्याला दोन प्रकारची फुलं येतात, नर आणि मादी. मादी फुलाच्या मागे चिमुकला भोपळा दिसतो. मधमाश्या परागकण पोचवतात, तेव्हाच तो मोठा होतो. मधमाश्या कमी असतील तर सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच लावा. दुधीची पांढरी फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. त्यांच्याकडे येतात ते अंधारात उडणारे पतंग. एक दिवस संध्याकाळी अंगणात बसून पाहाच.

खत विकत आणायला नको. भाज्यांची देठं, सालं आणि त्यांच्या दुप्पट वाळका पाला एका खड्ड्यात थरांनी टाका, वर थोडी माती टाका. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. पाला जाळू नका, तो बागेचा खाऊ आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी आपल्या 'प्रयोग परिवारा'तून लोकांना हेच शिकवलं : थोडी जागा, घरातला कचरा आणि पडणारं ऊन नीट वापरा.

मावा पडला तर? आधी ठिपक्यांचे ढालकिडे दिसतात का पाहा. ते आणि त्यांची पिल्लं मावा खातात, त्यांना राहू द्या. तरीही मावा वाढला तर ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि मोठ्यांच्या मदतीनं फवारा. हे पाणी घरात भरून ठेवू नका आणि फवारल्यावर भाजी चांगली धुऊन घ्या.

एकदोन चांगली रोपं मात्र खुडू नका. त्यांचं बी धरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव ऐकलंय? लोक त्यांना बीजमाता म्हणतात. वालासारख्या कितीतरी गावरान वाणांचं बी त्यांनी जपलं, इतरांना दिलं. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. सुरुवात घराजवळच्या बियांपासूनच झाली होती. वाळलेलं बी राखेत मिसळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर नाव, महिना लिहा.

आणि शेजारच्या आजी?

मैत्रिणी, सगळ्यांत अवघड भाग हाच आहे. तुझी मेथी गेली, त्याचं वाईट वाटणारच. महिनाभराची मेहनत होती ती. पण शेळीला 'ही मेथी माझी' हे कळत नाही. तिला हिरवं दिसतं. कळायला हवं ते आपल्याला आणि आजींना. तू गप्प राहिलीस तर आजींना हेही कळणार नाही, की त्यांच्या शेळीनं काय केलं आहे.

म्हणून आधी जाऊन सांग. भांडायला नको, सांगायला जा. "आजी, तुमच्या शेळीनं माझी मेथी खाल्ली. मला फार वाईट वाटलं. पुढच्या महिनाभर दुपारी तिला बांधाल का?" एवढं पुरे. मग एक सौदा कर. आपण बागेतून रोज गवत उपटतोच, मुळ्याचा जून पाला फेकतोच. तो आजींच्या शेळीला दे. आणि बदल्यात लेंड्या माग! शेळीच्या लेंड्यांचं खत भाज्यांना फार मानवतं. त्या दोन-तीन महिने खड्ड्यात कुजवून मगच वाफ्यात घाल. म्हणजे ज्या शेळीनं मेथी खाल्ली, तीच पुढच्या मेथीला खत देईल.

शिवाय वाफ्यात पाहा. मेथीची मुळं उपटली गेली नसतील तर पाणी घाल, काही बुंध्यांना पुन्हा फुटवे येतील. मोकळ्या जागेत डब्यातले मूठभर दाणे पेर. आणि पहिली जुडी कुणाला द्यायची ते तूच ठरव. आम्ही सांगणार नाही.

कुंपणात म्हणूनच एक दार ठेवायचं असतं. शेळी आत येऊ नये म्हणून कुंपण, आणि शेजारी येऊ शकावा म्हणून झोपा.

या आठवड्याचं काम : बागेत येणाऱ्या पाहुण्यांची यादी करा. आजी-आजोबांना कुंपणाचे आणि त्याच्या दाराचे तुमच्या भागातले शब्द विचारा. जे शब्द आमच्या लेखात नाहीत ते आम्हांला कळवा.

सांगा पाहू : घराची भिंत नसेल, चारही बाजूंना कुंपण घालायचं असेल, आणि सामान तेवढंच, २८ फुटांचं असेल, तर जास्तीत जास्त किती चौरस फुटांची बाग होईल? भिंत असतानाच्या ९८ चौरस फुटांशी ती ताडून पाहा. उत्तर पुढच्या अंकात. तोवर हात मातीत!